कारखान्याच्या वर घर आहे, 25 केव्हीएचा जुना जनरेटर घ्यायचाय. कुठं बसवू, कसा जोडू?

पूर्वभाग_टॉवेल
11 एप्रिल, रात्री 11:20

नमस्कार मंडळी. आमचा सोलापूरच्या पूर्व भागात छोटा कारखाना आहे, टेरी टॉवेलचे 10 माग आणि एक कांडी मशीन (सूत कांडीवर गुंडाळायचं), सगळ्या मोटारी 1 एचपीच्या, थ्री फेज. खाली कारखाना आणि वर आम्ही राहतो, मी, बायको, दोन पोरं आणि आई. आईचं वय 78, तिला रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं, ते काँसंट्रेटर म्हणतात ते. उन्हाळा लागल्यापासून लाईटचं काही खरं नाही, दुपारी दोनदा तीनदा जाते, कधी वीस मिनिटांत येते तर कधी तीन तास पत्ता नाही, कामगार बसून राहतात आणि वर आईजवळ मी पुठ्ठ्यानं वारा घालत बसतो, परवा रात्री तर मशीन बंद पडल्यावर तिचा श्वास बघून माझेच हातपाय गळाले.

एक ओळखीचे कारखानदार एमआयडीसीतलं युनिट बंद करतायत, त्यांचा 25 केव्हीएचा डिझेल सेट आहे, वॉटर कूल्ड, कॅनोपीसकट म्हणजे वरच्या पत्र्याच्या पेटीसकट, 2012 चा. भाव जमेल असं वाटतंय. आमचा नेहमीचा वायरमन म्हणतो जिन्याखाली जागा आहे तिथंच बसवू, धुराचा पाइप शेजारच्या बोळात काढू, आणि लाईट गेली की मेन स्विच खाली पाडायचा न् जनरेटरची वायर थेट बोर्डाला द्यायची, चेंजओव्हरचा खर्च कशाला. जिन्याखाली आत्ता सुताच्या पेट्या असतात, त्या हलवता येतील.

मला यातलं फार कळत नाही. 25 पुरेल का? बोअरची 3 एचपी मोटर पण त्यावर चालवायची इच्छा आहे. जागा बरोबर आहे का, आणि नंतर मेंटेनन्स काय काय करावा लागतो? ज्यांच्याकडे आहे त्यांनी सांगा प्लीज.

खांबावरचा_माणूस
12 एप्रिल, सकाळी 6:45

मी लाईनवर 31 वर्षं काढली, आता रिटायर आहे. बाकी जागा-बिगा दुसरे सांगतील, मी फक्त त्या वायरमनच्या एका वाक्यावर बोलतो, "चेंजओव्हरचा खर्च कशाला".

आमच्यातला एक पोरगा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, वळवाच्या पावसानंतर तुटलेली लाईन जोडायला खांबावर चढला. सप्लाय बंद करून घेतलेला, परमिट घेतलेलं, सगळं रीतसर. फक्त लघुदाबाची लाईन आहे, मागनं सगळं बंद आहे म्हणून त्यानं तारा शॉर्ट करून अर्थ केल्या नव्हत्या, ती त्याची चूक, मी नाकारत नाही. पण तारेत करंट आला तो सबस्टेशनकडनं नाही, खालच्या एका घरातनं आला. लाईट गेली म्हणून त्यांनी जनरेटर चालू केला होता आणि मेन पाडायचा राहिला. पोरगा वाचला, कमरेला पट्टा होता म्हणून लटकून राहिला, उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्या घरची माणसं वाईट नव्हती हो, घरात लगीन होतं, गडबडीत राहून गेलं. तेच तर सांगतोय, मेन पाडायचं माणसाच्या आठवणीवर ठेवलं की एक दिवस राहतंच.

काही जण म्हणतात एवढ्याशा जनरेटरवर अख्ख्या गल्लीचा लोड आला तर तो आपोआप बंद पडेल. कधी पडतोही. पण आम्ही काम करताना डीपीचे फ्यूज काढलेले असतात किंवा लाईनचा जंप म्हणजे जोडतार सोडलेली असते, मग तुमच्या जनरेटरवर तेवढाच तारेचा तुकडा येतो, त्याला काय लोड आहे, तो आरामात चालतो. आणि फ्यूज काढलेले नसले तर आणखी वाईट, डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर 11 हजार व्होल्टचे 415 करतो तसाच उलट्या बाजूनं 415 चे 11 हजारही करतो, त्याला दिशा कळत नाही. आणि तुमचा मेन चालू असताना महावितरणची लाईट परत आली तर तुमचा अल्टरनेटर जागेवर जळणार ते वेगळंच.

म्हणून चार पोलचा चेंजओव्हर, मधे ऑफ असलेला. एका बाजूला महावितरण, एका बाजूला जनरेटर, दांडा एकावेळी एकाच बाजूला जाऊ शकतो, विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. चार पोल यासाठी की तिन्ही फेजबरोबर न्यूट्रलपण तुटला पाहिजे, न्यूट्रलमधनंही करंट मागं जातो हे लई वायरमनांना पटत नाही. आणि दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून सॉकेटमधनं घराला लाईट देणारे पाहिलेत मी, ते तर अजिबात कुणी करू नका, एक पिन काढली की उघड्या पितळेवर 230 व्होल्ट असतात.

डीजी_होटगीरोड
12 एप्रिल, दुपारी 1:10

वरच्या काकांनी महत्त्वाचं सांगितलं. मी जनरेटर रिपेअरिंगच करतो, त्यामुळं जागा आणि साइज माझ्याकडनं घ्या.

पहिलं, जिन्याखाली नको. नकोच. कारणं सांगतो म्हणजे वायरमनला पण सांगता येतील. जिना हीच वरच्या माणसांची खाली यायची वाट आहे, तिथंच डिझेल, गरम सायलेन्सर, बॅटरी आणि शेजारी सुताच्या पेट्या. मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली त्यात आठ माणसं गेली, तिथंही मालकाचं कुटुंब त्याच इमारतीत राहत होतं, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. आगीचं कारण काही का असेना, टॉवेलच्या कारखान्यावर घर असेल तर जिना मोकळाच पाहिजे. दुसरं, वॉटर कूल्ड सेटला श्वास लागतो. रेडिएटरमधनं जी गरम हवा फेकली जाते ती बाहेर जायला पाहिजे आणि मागनं गार हवा यायला पाहिजे, जिन्याखाली तीच गरम हवा फिरून परत आत येणार, आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच 42-43 असतं, अर्ध्या तासात सेट हाय टेंपरेचरवर ट्रिप होतो. तिसरं, मागांची रुई. कारखान्यात हवेत जी बारीक रुई उडत असते ती एअर फिल्टरवर आणि रेडिएटरच्या जाळीवर अशी बसते की गोधडी पांघरल्यासारखी, आणि सायलेन्सरवर बसली तर ती पेटते.

मागं परस असेल तर तिथं ठेवा. जमिनीपासून सहा-आठ इंच वर सिमेंटचा कट्टा, खाली रबराचे पॅड, रेडिएटरचं तोंड मोकळ्या बाजूला, चारी बाजूंनी दार उघडून काम करता येईल एवढी जागा, निदान तीन-चार फूट. कॅनोपी आहे म्हणजे पावसाची भीती नाही, पण पाणी साचायला नको.

धुराचा पाइप बोळात सोडणं म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीत सोडणं. नियम साधा आहे, पाइप इमारतीच्या वर न्यायचा आणि किती वर त्याचं गणित केव्हीएच्या वर्गमुळाला 0.2 नं गुणायचं. 25 चं वर्गमूळ 5, म्हणजे 1 मीटर. तुमच्या गच्चीच्या वर 1 मीटर. 100 केव्हीएवाल्याला 2 मीटर. इंजिनपासून निघताना मधे लवचिक बेलो टाका, नाहीतर इंजिनच्या थरथरीनं पाइपचा जोड फुटतो आणि धूर तिथनंच गळत राहतो. पाइपला रॉकवूल गुंडाळून वर पत्रा, टोकाला पावसाची टोपी. उंच गेला म्हणून पाइप बारीक घेऊ नका, बॅक प्रेशर येतं, इंजिन काळा धूर मारायला लागतं.

साइज. 25 केव्हीए म्हणजे 0.8 पॉवर फॅक्टरला 20 किलोवॅट, फेजला साधारण 35 अँपिअर. सोलापूरच्या उन्हाळ्यात मी तो 22-23 चाच धरतो. तुमचा 1 एचपीचा माग फेजला दोन अँपिअरच्या आतबाहेर घेतो, 10 माग आणि कांडी मशीन मिळून 22 धरा. घर एका फेजवर असेल तर तिथं आणखी 6-7. म्हणजे त्या फेजवर 28-29 झाले. आता त्यात बोअरची 3 एचपी टाकली की पाचेक अँपिअर वाढले, वर मोटर सुरू होताना पाच-सहा पट ओढते, सगळं काठावर. बोअर जनरेटरवर घेऊ नका, लाईट असताना टाकी भरून ठेवा. आणि लाईट गेली की सगळ्या मागांची बटणं आधी बंद करायची, जनरेटर चालू झाला, आवाज स्थिर झाला की मग एकेक माग. दहाच्या दहा बटणं चालू ठेवून चेंजओव्हर मारला तर इंजिन दबतं, व्होल्टेज खाली येतं, मोटारी गुरगुरतात, वर आईंचं मशीन पण त्याच व्होल्टेजवर.

जुना घेताय तर सकाळी जा आणि त्यांना आधीच सांगा सुरू करून ठेवू नका. इंजिनला हात लावून बघा गार आहे का, गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठलं पाहिजे. काळा धूर सुरुवातीला थोडा चालतो, निळा असेल तर ऑइल जळतंय, पांढरा आणि थांबतच नसेल तर इंजेक्टर किंवा हेड गॅस्केट बघायला लागेल. डिपस्टिकवर ऑइल दुधासारखं दिसलं तर तसंच घरी या. नुसता रिकामा चालवून बघून घेऊ नका, त्यांचे माग किंवा हीटर लावून तासभर लोडवर चालवा, व्होल्टेज आणि 50 हर्ट्झ बघा.

जुनं_पेठ
12 एप्रिल, रात्री 9:35

एवढं घाबरवू नका हो त्यांना. आमच्याकडं 15 वर्षं सेट शेडच्या आतच आहे, खिडकी उघडी ठेवतो, आजपर्यंत काही झालेलं नाही. छोट्या माणसानं एवढा खर्च कुठनं करायचा, कट्टा, पाइप, चेंजओव्हर सगळं धरून सेटच्या निम्मा खर्च यावरच.

सिस्टर_रात्रपाळी
13 एप्रिल, सकाळी 8:50

मी दवाखान्यात नर्स आहे, आत्ताच ड्युटीवरनं आले आणि हे वाचून राहवलं नाही. दादा, तुमचं नशीब चांगलं, ते तसंच राहो. पण ज्यांच्या घरी ऑक्सिजनवरची आई आहे त्यांना नशिबावर सोडता येणार नाही.

माझ्या सख्ख्या मामाचं दुकान आहे. एका पावसाळ्यात लाईट नव्हती, पाऊस आत येतो म्हणून शटर अर्धं खाली आणि छोटा पेट्रोलचा जनरेटर मागच्या खोलीत. तासाभरात दोन्ही पोरांची डोकी दुखायला लागली, एकाला उलटी झाली, सगळे म्हणाले पित्त आहे, उपाशी आहेत, झोपा जरा. झोपवलं असतं तर ती उठली नसती. मामी बाहेरून आली, तिला आत वास आला, तिनं दोघांना ओढत रस्त्यावर आणलं. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःला वास नसतो, रंग नसतो, मामीला आला तो पेट्रोलच्या धुराचा. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट धरतो, म्हणजे माणूस श्वास घेतोय पण ऑक्सिजनला बसायला जागाच नाही.

आणि हे खास आईंसाठी. तुम्ही बोटाला ऑक्सिमीटर लावून बघत असाल. त्या मशीनला कार्बन मोनॉक्साइड धरलेलं रक्त आणि ऑक्सिजन धरलेलं रक्त यातला फरक कळत नाही. आकडा 97 दाखवेल आणि माणूस आत गुदमरत असेल. त्यामुळं जनरेटर चालू असताना घरात एकापेक्षा जास्त माणसांचं डोकं दुखतंय, मळमळतंय, बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतंय असं झालं तर आकडा बघत बसू नका, सगळ्यांना बाहेर काढा, जनरेटर बंद करा आणि दवाखाना गाठा, तिथं सांगा की जनरेटर चालू होता, म्हणजे डॉक्टर रक्ताची योग्य तपासणी करतील.

आईंच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म लावा, ऑनलाइन मिळतो. आणि कृपा करून त्यांचं मशीन फक्त जनरेटरच्या भरवशावर ठेवू नका. जनरेटर सुरू व्हायला वेळ जातो, रात्री दोनला तुम्ही उठणार, खाली जाणार, सेल्फ नाही लागला तर? 5 लिटरचं काँसंट्रेटर साधारण साडेतीनशे वॅट घेतं, त्याच्यापुरता प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर ठेवा आणि एक भरलेला सिलिंडर रेग्युलेटर लावून तयार. बी टाइप सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर असतो, मिनिटाला 2 लिटर लागत असेल तर बारा तास निघतात. सिलिंडर साखळीनं भिंतीला उभा बांधा, देवाच्या दिव्यापासून लांब, आणि त्याच्या व्हॉल्व्हला तेलाचा हात अजिबात लावू नका. जनरेटरचं काम करून आलेला हात तर नाहीच.

डीजी_होटगीरोड
13 एप्रिल, दुपारी 2:30

ताईंनी सांगितलं ते शंभर टक्के. फक्त एवढं की डिझेल इंजिन पेट्रोलच्या मानानं हा वायू कमी सोडतं, पण फिल्टर चोंदला, इंजेक्टर बिघडला, ओव्हरलोड झाला की वाढतो, आणि मधेच पाइप फुटलेला असेल तर तुम्हाला कळणारही नाही. पेट्रोलवाले छोटे सेट जे दुकानदार फुटपाथवर ठेवतात त्यांनी तर दारं-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब ठेवायला पाहिजेत, गॅलरीत आणि पॅसेजमध्ये नाही. खिडकी उघडी ठेवली की झालं असं होत नाही पेठवाले मालक, वारा उलटा असला तर त्याच खिडकीतनं धूर आत येतो. खर्चाचं म्हणाल तर पाइप आणि कट्टा लोकल फॅब्रिकेटरकडनं करून घेतला तर निम्म्याच्या पुष्कळ खाली होतो.

पूर्वभाग_टॉवेल
15 एप्रिल, रात्री 10:05

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर ताई, तुमचं वाचून मी बायकोला पण वाचून दाखवलं, दुसऱ्याच दिवशी सिलिंडर आणला, इन्व्हर्टर उद्या येतोय. ऑक्सिमीटरचं हे आम्हाला माहीतच नव्हतं, आम्ही त्या आकड्यावर सगळं सोडून बसलो होतो.

मागं परसात 14 बाय 11 ची जागा आहे, तिथं तुळस आणि धुण्याचा दगड आहे, दगड हलवेन. शेजाऱ्यांची खिडकी त्या बाजूला नाही. सेट बघून आलो, सकाळी सात वाजता गेलो, गार होता, दुसऱ्या सेल्फला उठला. तासभर त्यांच्या चार मागांवर चालवला, धूर साफ. घेतोय.

वायरमनशी मात्र वाजलं. तो म्हणतो अर्थिंग कारखान्याची आहेच, त्यालाच जोडू, वेगळे खड्डे कशाला. त्याचं बरोबर आहे का? आणि केबल कुठली?

लायसन्सवाला_जुळे
16 एप्रिल, सकाळी 11:15

मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे. वायरमनला दोष देत नाही, पण जनरेटरचं काम लायसन्स असलेल्या माणसाकडनं करून घ्या आणि त्याच्याकडनं टेस्ट रिपोर्ट घ्या.

लाईट महावितरणची असते तेव्हा न्यूट्रल त्यांच्या डीपीवर अर्थ केलेला असतो. तुम्ही चेंजओव्हर जनरेटरवर टाकला की त्या डीपीशी तुमचा संबंध तुटला, आता तुमचा जनरेटर हाच तुमचा डीपी. त्याच्या न्यूट्रलला स्वतःची अर्थिंग नसेल तर फेज एखाद्या मागाच्या सांगाड्याला टेकली तरी फ्यूज उडणार नाही, बिघाड तसाच लपून राहील आणि दुसरी फेज कुठं टेकली की हात लावणाऱ्याला बसू शकतो. म्हणून न्यूट्रलला दोन आणि बॉडीला दोन, अशा चार अर्थिंग. आणि न्यूट्रलचा जोड ढिला राहिला तर घरातल्या सिंगल फेजच्या वस्तूंवर 230 च्या जागी चारशेच्या जवळ जातं, टीव्ही, फ्रिज, आईंचं मशीन सगळं एका झटक्यात. तो नट मी स्वतः पान्यानं आवळून बघतो, दुसऱ्याच्या शब्दावर ठेवत नाही.

आपल्याकडं वर काळी माती आणि खाली मुरूम न् खडक. एप्रिल-मेमध्ये जमीन अशी भेगाळते की पावसाळ्यात दोन ओहम दाखवणारी अर्थिंग उन्हाळ्यात कितीतरी वर जाते. त्यामुळं मापायची ती आत्ता, उन्हात, अर्थ टेस्टरनं. खड्ड्यात पाणी घालायला पाइप ठेवा आणि उन्हाळाभर आठवड्याला एक बादली घाला.

केबल, 35 अँपिअरसाठी 16 स्क्वेअर एमएमची चार कोअर आर्मर्ड अॅल्युमिनियम माझ्या मते पुरे, अंतर कमी आहे. जनरेटरच्या टोकाला 40 अँपिअरचा चार पोल एमसीसीबी (जास्त करंट झाला की पडणारा ब्रेकर), चेंजओव्हर 63 चा. घराच्या बोर्डाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, करंट गळला की लाईट तोडणारा. आणि एक गोष्ट जी मागवाल्यांना सगळ्यात जास्त नडते, फेजचा क्रम. महावितरणचा आर-वाय-बी म्हणजे तीन फेज आणि जनरेटरचा आर-वाय-बी एकाच क्रमानं आला पाहिजे, नाहीतर मोटारी उलट्या फिरतात. पहिल्यांदा सगळ्या मागांचे पट्टे काढून ठेवा, एकच मोटर फिरवून बघा. उलटी फिरली तर जनरेटरच्या बाजूच्या कुठल्याही दोन फेज बदला, मोटारीकडच्या बदलू नका, नाहीतर लाईटवर उलटी होईल.

विद्युत निरीक्षकाच्या ऑफिसात आणि महावितरणच्या तुमच्या सेक्शन ऑफिसात सेट चालू करायच्या आधी जाऊन या, कागदपत्रं काय लागतात ते विचारा आणि पोच घेऊन ठेवा.

कांडीवाली
17 एप्रिल, संध्याकाळी 7:20

मी पण कारखाना बघते, मिस्टर गेल्यापासून. सगळ्यांनी बसवायचं सांगितलं, मला रोजचं सांगायचंय. आमचा 30 चा सेट पहिल्या मालकानं दोन वर्षांत खराब केला होता कारण रात्री लाईट गेली की फक्त दोन पंखे आणि टीव्हीसाठी तो मोठा सेट चालवायचे. मेकॅनिकनं पाइप उघडला तर आत डांबरासारखं काळं चिकट. रात्री घरापुरतं इन्व्हर्टर वापरा.

डीजी_होटगीरोड
17 एप्रिल, रात्री 9:00

कांडीवाली ताईंचं एकदम बरोबर. तीस टक्क्यांच्या खाली लोड ठेवून तास न् तास चालवलं की इंजिन पुरेसं तापत नाही, अर्धवट जळालेलं डिझेल सायलेन्सरमध्ये साठतं.

मेंटेनन्सचं लिहितो. एक वही करा आणि ती सेटच्या दारात लटकवा, कधी किती तास चाललं, किती डिझेल घातलं, ऑइल कधी बदललं. तुमचा तासाचा मीटर आत्ता जे दाखवतोय ते पहिल्या पानावर. रोज सुरू करायच्या आधी ऑइल आणि कूलंट, दोन मिनिटांचं काम आहे. ऑइल 15डब्ल्यू-40, साधारण 250 तासांनी, आणि तास भरले नाहीत तरी वर्षातनं एकदा नक्की, पण तुमच्या इंजिनच्या पुस्तकात जे लिहिलंय ते माझ्यापेक्षा खरं धरा. जुना घेताय तर आल्या आल्या ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, फॅनबेल्ट सगळं नवीन टाका, आधीच्यानं काय केलं होतं ते कुणालाच माहीत नसतं.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका, आपल्याकडचं पाणी जड आहे, गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच क्षार आत बसतो आणि दोन उन्हाळ्यात नळ्या बंद. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेलं. आणि गरम असताना कॅप उघडायची नाही, माझ्या स्वतःच्या मनगटावर डाग आहे, मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि घाई होती. निदान अर्धा तास थांबा, मग जाड फडकं धरून थोडं फिरवून आधी वाफ जाऊ द्या.

लाईट गेली नाही तरी आठवड्यातनं एकदा वीस-पंचवीस मिनिटं चालवा, पण रिकामा नाही, पाच-सहा माग लावून. न उठणाऱ्या सेटपैकी बहुतेक माझ्याकडं येतात ते बॅटरीमुळं, टर्मिनलवर पांढरी बुरशी आणि आत पाणी नाही. सेट चालू असताना बॅटरीची वायर काढू नका, चार्जिंगचं सगळं जळतं. बॅटरीजवळ बिडी-काडी नाही, ती चार्ज होताना जो गॅस सोडते तो पेटतो.

डिझेल चालू किंवा गरम सेटमध्ये घालायचं नाही. बंद करा, गार होऊ द्या, फनेलला जाळी लावा. टाकी रिकामी ठेवू नका, हवेतला दमटपणा आत पाणी होऊन साठतो. कॅन घट्ट झाकणाचे, कारखान्यात नाही, जिन्याखाली तर नाहीच. जवळ आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर आणि वाळूची बादली, डिझेलच्या आगीवर पाणी टाकलं तर आग पाण्यावर तरंगत पसरते. कामगारांना सांगून ठेवा, तेही एकदा हातात सिलिंडर देऊन.

आणि सेट उघडून काही करायचं असेल, बेल्टला हात लावायचा असेल, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. मागनं कुणीतरी सेल्फ मारतो. घरात लहान पोरं आहेत म्हणून सांगतो.

जुनं_पेठ
18 एप्रिल, दुपारी 12:40

मी वर लिहिलं होतं काही झालेलं नाही. काल धुराच्या पाइपवरनं पत्रा काढून बघितला, भिंतीतनं जातो तिथं जोडाला बोट जाईल एवढी भेग आहे. कधीपासून आहे देव जाणे. होटगीरोडवाल्या भाऊंनी नंबर मेसेज करावा. तोपर्यंत सेट बंद ठेवलाय.

पूर्वभाग_टॉवेल
9 जून, रात्री 10:30

मंडळी, काम झालं म्हणून कळवतोय. कट्टा झाला, सेट परसात बसला, पाइप गच्चीच्या वर मीटरभर, टोपीसकट. चार अर्थिंग काढल्या, दुसऱ्या खड्ड्यात पाच फुटांवर खडक लागला म्हणून जागा बदलावी लागली. मे अखेरीला मापलं, दीड ओहमच्या आसपास आलं. आमच्या वायरमनला मी सोडलं नाही, लायसन्सवाल्या साहेबांच्या हाताखाली तोच कामाला होता, आता तोच इतरांना न्यूट्रलची गोष्ट समजावून सांगतो.

पहिल्या दिवशी पट्टे काढून मोटर फिरवली तर खरंच उलटी फिरली! तसाच माग चालू केला असता तर काय झालं असतं. दोन फेज जनरेटरकडं बदलल्या, सरळ झालं. माग एकेक करून दहा लावले, 49.6 हर्ट्झ, व्होल्टेज 408. बोअर नाही लावला.

परवा वळवाचा पाऊस झाला, रात्री पावणेदोनला लाईट गेली. मी खाली उतरलोच नाही. आईचं मशीन इन्व्हर्टरवर चालू राहिलं, ती उठलीपण नाही. सकाळी सहापर्यंत लाईट नव्हती तेव्हा मग सेट लावला. अलार्म तिच्या खोलीत आहे, महिन्यातनं एकदा बटण दाबून तपासतो.

खांबावरचा_माणूस
10 जून, सकाळी 6:30

वाचून समाधान वाटलं. एक राहिलं, मीटरच्या पेटीवर बाहेरून दिसेल अशी पाटी लावा की इथं जनरेटर आहे. आमची पोरं खांबावर चढायच्या आधी खालच्या पेट्यांकडं बघतात.

पूर्वभाग_टॉवेल
10 जून, रात्री 9:15

काका, आजच रंगवून घेतली. मराठीत आणि खाली तेलुगूत, आमचे निम्मे कामगार तेलुगूच वाचतात. चेंजओव्हरच्या दांड्याशेजारी पण एक लावली, त्यावर आधी बटणं बंद, मग दांडा, मग एकेक माग, एवढंच लिहिलंय.